लुकैमात : काझीचा कुरकुरीत घास

रमझानच्या महिन्यात आखाती देशांत सूर्यास्त जवळ येऊ लागला, की घरोघरी कढया तापू लागतात. रोजा सोडताना खजूर, सूप आणि हरीस यांच्या जोडीला सुपारीहून थोड्या मोठ्या, सोनेरी गोळ्यांची रास ताटलीत मांडलेली असते. हेच लुकैमात. अरबीत 'लुकमा' म्हणजे घास आणि 'लुकैमात' म्हणजे इवले घास. दिसायला ते गुलाबजामासारखे असले, तरी गुण नेमका उलटा. गुलाबजाम पाकात मुरावा लागतो. लुकैमात मुरले की वाया गेले. बाहेर कुरकुरीत कवच आणि आत पोकळ जाळी ही त्यांची खूण, आणि ती फार तर तासभर टिकते.

हा पदार्थ जुना आहे. बगदादमध्ये १२२६ साली लिहिल्या गेलेल्या 'किताब अल-तबीख' या पाकग्रंथात 'काझीचे घास' या नावाने त्याची कृती आढळते. आंबवलेल्या पिठाचे छोटे गोळे तिळाच्या तेलात तळून पाकात बुडवावेत, असे त्यात सांगितले आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताला मुलतान ते दिल्ली या प्रवासातील मेजवान्यांत समोशाबरोबरच हा ओळखीचा पदार्थ भेटला. येथील लोक त्याला 'हाशिमी' म्हणत, अशी नोंद त्याने केली आहे. तुर्कस्तानातील 'लोकमा' आणि ग्रीसमधील 'लुकुमादेस' ही याच कुळातील नावे.

साहित्य अगदी साधे आहे. २ वाट्या मैदा, १ चमचा कॉर्नफ्लोअर, १ चमचा साखर, १ छोटा चमचा कोरडे यीस्ट, चिमूटभर मीठ, वेलचीपूड आणि केशराच्या काही काड्या. सुमारे सव्वा वाटी कोमट पाणी लागेल तसे घालून भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट व चिकट पीठ भिजवावे आणि ५ ते ७ मिनिटे हाताने फेटावे. या फेटण्याने मैद्यातील ग्लुटेनचे जाळे तयार होते व यीस्टमुळे निर्माण होणारा वायू त्यात अडकून राहतो. फेटणे कमी पडल्यास गोळे आतून भरीव व पिठूळ होतात. झाकून उबदार जागी ठेवलेले पीठ तासाभरात जवळजवळ दुप्पट फुगते.

खरे कसब तळण्यात आहे. मुठीत पीठ घेऊन ते अंगठा व तर्जनी यांच्यामधून दाबायचे आणि वर आलेला गोळा तेलात बुडवलेल्या चमच्याने कढईत सोडायचा. तेल सुमारे १७० अंश सेल्सिअस तापलेले असावे. त्याहून फार तापले तर गोळा बाहेरून करपतो व आत कच्चा राहतो. पुरेसे तापले नसेल तर तो तेल पितो. गोळे लगेच फुगून तरंगतात, म्हणूनच लेबनॉन व सीरियात त्यांना 'अव्वामे', म्हणजे तरंगणारे, म्हणतात. झाऱ्याने ते सतत फिरवत ठेवल्यास सर्व बाजूंनी सारखा रंग येतो. आतील पाण्याची वाफ होऊन गोळा पोकळ होतो आणि कवच वाळून कडक बनते. अव्वामे पुष्कळदा दोनदा तळून, गरम असतानाच थंड पाकात बुडवून काढतात.

आखातात मात्र वाढतेवेळी वरून 'दिब्स', म्हणजे खजुराचा दाट रस, ओततात व तीळ भुरभुरतात. पूर्वी खजुराची पोती एकावर एक रचून ठेवीत. स्वतःच्याच भाराने पाझरणारा रस जमिनीतील पन्हळींतून वाहत येऊन भांड्यात साठे. अशा 'मदबसा' नावाच्या खोल्यांचे अवशेष बहारीनच्या प्राचीन किल्ल्यात आजही पाहावयास मिळतात.

आता तयार मिश्रणे मिळतात. बेकिंग पावडरमुळे तासाची प्रतीक्षाही वाचते. पण आंबवलेल्या पिठाचा गंध आणि ती जाळी तिच्याने साधत नाही. शिवाय रोजा असलेली गृहिणी सहसा पदार्थ चाखून पाहत नाही. पिठाची तार, तेलाचा आवाज आणि कवचाचा रंग यांवरूनच तिला सारे ओळखावे लागते. ही जाण पाकिटावर छापून देता येत नाही. ती कढईशेजारी बसूनच शिकावी लागते. अमिरातींतील वारसा महोत्सवांत स्त्रिया आजही लोकांसमोर बसून मुठीतून एकेक गोळा तेलात सोडतात, आणि गरम लुकैमातांची पहिली ताटली भरण्याची वाट पाहत भोवती मुले उभी असतात.