रक्तक्षयाचें निदान

चेहरा निस्तेज दिसूं लागला, जिना चढतांना धाप लागूं लागली, कीं वडीलधारीं माणसें ‘अंगांत रक्त नाहीं’ असें म्हणतात. वस्तुतः रक्त आटलेलें नसतें; सर्व शरीराला प्राणवायु पोंचविणारें हिमोग्लोबिन हें त्यांतील लोहयुक्त द्रव्य उणें झालेलें असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानाप्रमाणें तें दर डेसिलिटर रक्तांत प्रौढ पुरुषाच्या ठायीं १३ ग्रॅमहून, स्त्रीच्या ठायीं १२ ग्रॅमहून कमी भरलें, तर रक्तक्षय समजावा.

परंतु रक्तक्षय हें लक्षण आहे. कारण निराळें शोधावें लागतें. डॉ. ल्यूसी विल्स या १९२८ सालीं मुंबईस आल्या व त्यांनीं गरोदर गिरणीकामगार स्त्रियांचें रक्त तपासलें. त्यांतील तांबड्या पेशी नेहमीपेक्षां मोठ्या होत्या आणि यीस्टच्या अर्कानें तो विकार हटला. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, हें पुढें सिद्ध झालें. लोहाच्या उणीवेनें मात्र पेशी लहान व फिकट होतात.

मग पेशी लहान दिसल्या म्हणजे लोहच कमी काय? तसेंही नाहीं. फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें कल्याणजवळच्या लष्करी छावणींत वसलीं. १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. सिंधी समाजांत थॅलॅसिमिया या आनुवंशिक दोषाचे वाहक तुलनेनें अधिक आढळतात. इतर समाजही त्यापासून मुक्त नाहींत. म्हणून शेजारच्या अंबरनाथ-बदलापुरांतील कुटुंबांनींही हें जाणून घ्यावें. वाहकाला बहुधा कसलाच त्रास नसतो. पेशी मात्र लहान असतात.

समजा, दोन स्त्रियांचें हिमोग्लोबिन १० च आहे. एकीच्या पेशींचें सरासरी आकारमान ७४ फेम्टोलिटर व संख्या ४३ लक्ष. दुसरीचें ६२ व संख्या ५३ लक्ष. आकारमानास दशलक्षांतील संख्येनें भागिलें असतां पहिलीचा भागाकार सुमारें १७, दुसरीचा सुमारें १२ येतो. तो १३ हून कमी असल्यास थॅलॅसिमियाचा संशय घ्यावा. हा केवळ संशय होय. निर्णयासाठीं शरीरांतील लोहाचा सांठा दाखविणारी फेरिटिनची, तसेंच हिमोग्लोबिन ‘ए-टू’ची तपासणी लागते. हें दुसरें प्रमाण ३·५ टक्क्यांहून अधिक असणें ही वाहकाची सामान्य खूण होय. लोहाच्या उणीवेनें तें किंचित् घटूं शकतें. म्हणून दोन्ही आंकडे एकत्रच वाचावे.

हा भेद न केल्यास वाहक स्त्री वर्षानुवर्षें लोहाच्या गोळ्या निष्कारण घेत राहते. त्याहून मोठी हानि पुढें आहे. पतिपत्नी दोघेंही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेंत चारांत एक या प्रमाणांत अपत्यास तीव्र थॅलॅसिमिया होण्याचा संभव असतो. अशा बालकास सामान्यतः दर दोन ते चार आठवड्यांनीं रक्त द्यावें लागतें आणि त्या रक्तांतून सांचणारें लोह औषधांनीं काढावें लागतें.

म्हणून विवाहापूर्वीं, निदान गरोदरपणाच्या आरंभीं तरी, ही तपासणी करून घ्यावी. दोघेंही वाहक ठरल्यास गर्भाची परीक्षा वेळींच करितां येते. वाहक असणें हा रोग नव्हे, कलंक तर नव्हेच. मात्र तें ठाऊक नसणें एखाद्या बालकाला जन्मभर भोंवतें.