अनंताच्या पानामागे

अनंताला कीड लागली की लोकांना आधी दिसते ती काजळी. पानं वरून काळवंडतात, बोट फिरवलं की चिकट लागतात, आणि मग कुणीतरी बुरशीनाशक घेऊन येतं. पुण्यात आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत अनंत आणि एक्झोराची रांग आहे, तिथंही हेच चाललं होतं. माळीमामांनी मात्र त्या काळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक पान उलटं करून त्यांनी मधल्या शिरेवर नख टेकवलं. "ताई, दुखणं हितं बसलंय."

शिरेच्या दोन्ही अंगांना, पानाच्याच फिकट हिरव्या रंगाचे, चपटे लंबगोल दाणे चिकटलेले होते. भिंग धरलं तर प्रत्येकाच्या पाठीतून आतली काळसर, वाकडीतिकडी रेघ दिसत होती. ही हिरवी खवले कीड, कॉफीच्या मळ्यांची जुनी वैरीण. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम तीन मिलिमीटरची. एकदा सोंड पानात रोवली की ती सहसा जागा सोडत नाही. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि तिला हवी ती पोषकद्रव्यं थोडी, म्हणून ती सतत रस ओढते आणि जादा साखर मागून टाकते. हाच तो चिकटा. खालच्या पानांवर तो ठिबकतो आणि त्यावर काजळी धरते. काजळी झाडाला खात नाही, फक्त त्याचं ऊन अडवते. चिकटा थांबला की तीही हळूहळू सुटते. बुरशीनाशकाचे पैसे म्हणूनच वाया जातात.

मामांनी औषधाचं नाव काढण्याआधी मुंग्यांची वाट शोधली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुंग्या चिकट्यासाठी किडीची राखण करतात; ढालकिडा किंवा इवलीशी परजीवी गांधीलमाशी आली की तिला हुसकावतात. मुंग्यांची ये-जा चालू असेपर्यंत मित्रकीटकांना काम करता येत नाही. मामांनी खोडाला कापडाची पट्टी गुंडाळली आणि त्या पट्टीवर ग्रीस लावलं, सालीवर नाही. मग भिंतीला टेकलेल्या दोन फांद्या छाटल्या. त्या राहिल्या असत्या तर मुंग्या भिंतीवरून चढून आल्या असत्या आणि ग्रीसचा काही उपयोग झाला नसता.

खवल्यांनी गच्च भरलेल्या काड्या कापून पिशवीत बांधल्या. कंपोस्टच्या खड्ड्यात नाही, कारण तिथून पिल्लं पुन्हा चढतात. उरलेल्या खोडावर जुना दातांचा ब्रश आणि साबणाचं पाणी. घासताना कळतं की हा खवला नुसता वर ठेवलेला नाही, अंगाचाच भाग आहे. निघतो तो अख्ख्या किड्यासकट.

फवारणी कशावर लागू पडते, हे भिंगाखाली कळतं. मादी मोठी झाली की तिची पाठ टणक होते, औषध वरून ओघळून जातं. तिच्या अंगाखालून निघालेली पिवळसर पिल्लं मात्र उघडी असतात. पायांवर चालत, जागा शोधत ती कोवळ्या पानांकडे जातात. एवढाच काळ त्यांना गाठता येतं. हिला नराचीही गरज पडत नाही, एकटी मादी वंश वाढवते, त्यामुळे पिल्लं निघतच राहतात. एका फवारणीत म्हणूनच भागत नाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा, आणि मग आणखी एकदा.

मामांचं औषध म्हणजे पाच टक्के निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, पाणी घालून एक लिटर करायचं, वर चिमूटभर साबण. फवारायचं उन्हं उतरल्यावर, आणि नोझल खालून वर धरून, म्हणजे पानाची मागची बाजू भिजते. पावसाळी दमट हवेत ते व्हर्टिसिलियम लेकॅनी वापरतात. ही बुरशी किडीच्या अंगावर वाढते, मेलेल्या खवल्याभोवती पांढरी कड दिसते.

नर्सरीत मुळाशी ओतायचं आंतरप्रवाही कीटकनाशकही मिळतं. कीड पटकन मरते, हे खरं. तरीही अनंताला ते घालू नये, असं माझं ठाम मत आहे. हे औषध रसातून सगळ्या झाडात, फुलातही पोचतं. शेजारच्या एक्झोरावर फुलपाखरं येतात, आणि अनंताचं फूल आपण देवाला वाहतो, केसांत माळतो, मुलांच्या हातात देतो.

सगळ्यात अवघड भाग पुढचा. मेलेले खवले लगेच गळत नाहीत, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं की काहीच फरक पडला नाही. मामा नखानं दाबून बघतात. रस आला तर जिवंत, कोरडा पापुद्रा सुटला तर मेलेला. काही काळपट खवल्यांना स्वच्छ गोल भोक असतं. त्यातून परजीवी माशी बाहेर पडलेली असते. असे खवले आणि भोक नसलेले काळे खवले असलेल्या फांद्या ते ना घासतात ना फवारतात, कारण आत आणखी माश्या वाढत असतात.

सोसायटीतल्या एका काकूंनी झाड लवकर भरावं म्हणून युरिया टाकायचं सुचवलं. मामा नको म्हणाले. जादा नत्रानं पालवी लुसलुशीत फुटते आणि पिल्लांना आयतं कोवळं पान मिळतं. त्यांनी बुंध्याशी थोडं शेणखत दिलं आणि नवीन पानांच्या मागच्या बाजू दर आठवड्याला बघायला सांगितलं.