जुनं सोनं, नवं गिऱ्हाईक

आज आम्ही बोलणार आहोत ते जुना दागिना पहिल्यांदाच विकत घेणाऱ्यांसाठी. सुरुवात एका शब्दापासून करू. दुकानात ज्याला 'अँटिक' म्हणतात तो माल बहुतेक वेळा कालपरवा घडवलेला असतो, वरून काळपट पॉलिश दिलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, पण ते जुनं नव्हे. म्हणून भाव विचारण्याआधी विचारायचं, 'ही ठुशी घडवली कधी?'

आता वजन. पोलादपूरच्या वाडीतली एखादी आजी सांगते, माझी पुतळ्यांची माळ पाच तोळ्यांची. तिचा तोळा ९६ गुंजांचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. दुकानातला आजचा तोळा १० ग्रॅमचा. पाच तोळ्यांत आठ ग्रॅमचा फरक पडला की! आजच्या भावात ही चिल्लर नाही, आणि नुकसान बहुधा आजीचंच होतं. उलट बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख. तिथे काट्यावरचं वजन म्हणजे सोन्याचं वजन नव्हे, आणि तिथे गिऱ्हाईक फसतं.

कसाबद्दल थोडक्यात. हॉलमार्क आपल्याकडे २००० साली आला, तेव्हा जुन्या दागिन्यावर शिक्का नसणारच. तो दोष मानू नका. कॅरेट मोजायचं मशीन फक्त वरचा थर बघतं, जाड मुलामा असला तर तेही चकतं. म्हणून झिजलेल्या जागी, फासाजवळ, अशा दोन-तीन ठिकाणी तपासून घ्यायचं. झाळ दिलेल्या जागी कस कमी येतो, ते ठीक आहे. नथीचा मोती दातावर घासून काचेचा की मोत्याचा एवढंच कळतं. बसऱ्याचा की संवर्धित, ते प्रयोगशाळेतल्या क्ष-किरणांशिवाय सांगता येत नाही. 'बसराच आहे हो' या वाक्याला पैसे मोजू नका.

महाडकरांनी आणखी एक बघावं. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं. सोन्याला पाण्याचं काही होत नाही; पण दोरा कुजतो, मोत्याचं पाणी जातं, कुंदनाच्या खड्यामागची डाक काळी पडते. खडा मेलेला दिसला तर कारण विचारा.

आणि आता होन. रायगड आपल्या महाड तालुक्यातला, त्यामुळे 'किल्ल्याखाली नांगरताना सापडला' ही गोष्ट इथे लवकर पटते. खऱ्या होनावर एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. असे खरे होन मोजकेच ठाऊक आहेत. नकला मात्र पदकात जडवून सर्रास मिळतात. नक्कल म्हणून हौसेनं घ्या की, कोण नको म्हणतंय! पण गोष्टीसकट होन समोर आला तर दोनच शक्यता. गोष्ट खोटी असेल तर तुम्ही नकलेला होनाचे पैसे देताय. खरी असेल तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो: जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. दोन्हीकडून हात मागे घ्यायचा.

शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला त्या परदेशी नेता येत नाहीत. दुबईच्या किंवा अमेरिकेच्या भाचीसाठी पणजीच्या काळातला तन्मणी घेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

पहिली खरेदी आम्ही म्हणू लहानच करा, कुड्या किंवा डोरलं, आणि पावती देणाऱ्याकडूनच. पावतीत एकूण वजन, लाख-खडे वजा जाता सोनं, आणि कस वेगवेगळा लिहून घ्या. ओळखीतल्या घरातून घेत असाल तर मोडीच्या भावावर अडू नका. सराफ वितळवण्यासाठी घेतो, तुम्ही घडण घेताय, तिचे चार पैसे त्या घराला जायला हवेत. घरी आणल्यावर अंगावर घालण्याआधी माळ पटवेकराकडून नव्या दोऱ्यात गाठून घ्या. जुना दोरा गर्दीतच तुटतो.