सोबतीचं कुत्रं : लेखांक ७ – थांब

मागच्या आठवड्यात पिल्लाच्या लशींचं वेळापत्रक संपवलं. आता शिकवणी. कुत्र्याला पहिल्यांदा काय शिकवायचं, असं विचारलं की बहुतेक घरांतून ‘शेकहँड’ असं उत्तर येतं, कारण पाहुण्यांसमोर ते शोभून दिसतं. माझं उत्तर ‘थांब’ हे आहे. खाण्याची शिस्त, रस्त्यावरची सुरक्षितता आणि मनासारखा फोटो, या तिन्ही गोष्टी या एका शब्दावर उभ्या आहेत, म्हणून आजचा सगळा लेखांक त्याच्यासाठी.

आमचं खांदेश्वर हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेलच्या मधलं. सिडकोनं सेक्टर पाडून वसवलेल्या या वस्तीत पाळीव कुत्रं बहुतेक करून फ्लॅटमध्येच राहतं. सकाळी फिरायला निघायचं तर घराचा दरवाजा, लिफ्टचं दार, सोसायटीचं फाटक आणि मग रस्ता. प्रत्येक दाराशी कुत्रं आपल्या आधी झेपावू शकतं. यात लिफ्ट सगळ्यांत धोक्याची. कुत्रं आत, माणूस बाहेर आणि पट्टा दारात अडकलेला, असं व्हायला दोन-तीन सेकंद पुरतात. लिफ्ट हलली की त्याच पट्ट्याचा फास होतो. म्हणून लिफ्टमध्ये शिरताना पट्टा आखूड धरायचा, कुत्रं आणि आपण एकत्र आत जायचं, आणि दार उघडल्यावर ‘चल’ म्हणेपर्यंत त्यानं जागचं हलायचं नाही. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेलं आहे. पण लिफ्टमधल्या आजी कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असतील, तर त्यांच्या हातात परिपत्रक देऊन त्यांची भीती जात नाही. कुत्रं पायाशी शांत बसलेलं दिसलं की जाते.

‘थांब’ची थोरवी कळायला लांब जायला नको. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातला लॅब्राडॉर ‘झंजीर’ अनेकांना आठवत असेल. त्याचं शिक्षण पुण्यात, गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झालं. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या शोधमोहिमांमध्ये त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसं शोधून दिली, अशी त्याच्या कामगिरीची नोंद सांगितली जाते. त्याच्या नाकाचं कौतुक पुष्कळ झालं, आणि ते रास्तच होतं. पण स्फोटकांचा वास लागल्यावर कुत्र्यानं पुढे काय करायचं, हेही तितकंच महत्त्वाचं असतं. पंज्यानं उकरलं, तोंडात धरलं, भुंकत उड्या मारल्या तर अनर्थ ओढवेल. म्हणून अशा कुत्र्यांना वस्तूला स्पर्श न करता गप्प बसून राहायला शिकवतात. हवी ती गोष्ट समोर असताना स्वतःला आवरणं, ही त्या शिक्षणाची पायाभरणी असते. १६ नोव्हेंबर २००० रोजी झंजीर गेला. फुलांनी झाकलेला त्याचा देह आणि त्यावर पुष्पचक्र वाहणारे वरिष्ठ पोलीस अधिकारी, हे छायाचित्र जगभर पोचलं. आजही ते पाहिलं की माझे डोळे भरून येतात.

आपल्या घरातल्या कुत्र्याला इतकं अवघड काही करायचं नाही. सुरुवात जेवणाच्या वाडग्यापासून करा. भूक लागलेली असताना वाडगं छातीपाशी धरून उभे राहा. कुत्रं उड्या मारेल, भुंकेल, मग कंटाळून बसेल. बसलं की वाडगं हळूहळू खाली आणा. ते उठलं की वाडगं पुन्हा वर. रागवायचं नाही, ओढायचं नाही, काही बोलायचंही नाही. चार-सहा वेळा असं झालं की त्याच्या लक्षात येतं: मी बसलो की जेवण खाली येतं, उठलो की वर जातं. वाडगं जमिनीला टेकलं आणि कुत्रं क्षणभर तरी बसून राहिलं, की लगेच ‘घे’ म्हणा. ‘थांब’ हा शब्द मी मुद्दाम दोन-तीन दिवसांनी आणते, कृती जमायला लागल्यावर. ज्याचा अर्थ अजून कळलेला नाही तो शब्द दहा वेळा ऐकवला, तर कुत्रं तो न ऐकायलाच शिकतं.

नंतर हीच रीत दाराला लावायची. कडीवर हात ठेवा, दार बोटभर उघडा. कुत्रं पुढे आलं की दार बंद. मागे राहिलं की आणखी थोडं उघडा. इथे बक्षीस म्हणजे बाहेर जायला मिळणं, खाऊची गरजही लागत नाही.

मग वेळ, अंतर आणि व्यत्यय वाढवायला लागायचं. बहुतेकांचं गाडं अडतं ते इथे. घरात दहा सेकंद थांबणारं कुत्रं संध्याकाळी खांदेश्वर स्टेशनबाहेर, लोकलमधून उतरलेल्या गर्दीत, वडापावच्या वासात आणि रिक्षांच्या आवाजात एक सेकंदही थांबत नाही, आणि मालकाला वाटतं की ते मुद्दाम करतंय. ते मुद्दाम करत नाही. त्याच्या दृष्टीनं तो निराळाच धडा आहे. तिघांपैकी एक वाढवलं की उरलेली दोन कमी करायची. नव्या जागी गेलात तर एका सेकंदापासून, पायाशीच बसवून सुरू करा. अंतर वाढवत असाल तर वेळ आणि गडबड कमी ठेवा. बैठक तीन-चार मिनिटांची पुरे, आणि कुत्रं जिंकलेलं असतानाच ती संपवावी.

शाबासकी त्या क्षणी मिळायला हवी. कुत्रं बसलं, तुम्ही खिसा चाचपला, पिशवीची गाठ सोडली आणि तोवर ते उठलं, तर मिळालेला खाऊ त्याच्या हिशेबात उठण्याचा झाला. म्हणून ‘शाब्बास’ हा शब्द आधी खाऊशी जोडून ठेवा. बरोबर क्षणी शब्द उच्चारला की खाऊ पोचायला दोन सेकंद लागले तरी चालतं. क्लिकर नावाचं टिकटिक वाजणारं यंत्र याच तत्त्वावर चालतं. आणि ‘थांब’चा खाऊ कुत्र्यापाशी परत जाऊन द्या. दर वेळी त्याला हाक मारून बोलवलंत तर ते थांबण्याऐवजी हाकेची वाट बघत पुढे सरकू लागतं. शब्द घरातल्या सगळ्यांनी एकच वापरायचा. बाबा ‘थांब’, ताई ‘स्टे’ आणि आजोबा ‘ए, गप!’ म्हणत असतील तर ते बिचारं कोणाचं ऐकणार?

पट्ट्याला हिसका देणं, वर्तमानपत्राची सुरळी मारणं, हे मी कोणालाच सुचवणार नाही. नुसतं दया येते म्हणून हे सांगत नाही. दुखलं त्या क्षणी कुत्र्याच्या डोळ्यांसमोर जे असतं त्याच्याशी ते दुखणं जोडलं जातं. समोरून शेजारचं लहान मूल येत असताना हिसका बसला, तर काही दिवसांनी ते त्या मुलावरच गुरगुरू लागतं, आणि ‘अचानक बिघडलं’ असं सगळे म्हणतात.

आता खाऊचा हिशेब. शिकवणीत दिवसाला पन्नास घास गेले तर कुत्रं फुगेल, ही काळजी खरी आहे. पशुवैद्यक विश्रांतीच्या अवस्थेतली ऊर्जेची गरज एका सूत्रानं काढतात. बारा किलोच्या कुत्र्यासाठी ती साधारण ४५० कॅलरी येते. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याला एकूण ७०० च्या आसपास लागतात. वरखाऊ यातला दहावा भाग असावा, म्हणजे सत्तर कॅलरी. तीन ग्लुकोज बिस्किटांत तेवढ्या संपतात. त्याउलट उकडलेल्या, बिनमिठाच्या चिकनचे हरभऱ्याएवढे चाळीस तुकडे त्याच हिशेबात बसतात. कुत्र्याला घासाच्या आकारापेक्षा घासांची संख्या मोलाची वाटते. त्याहून सोपी युक्ती म्हणजे रोजच्या खाद्यातलाच मूठभर वाटा सकाळी खिशात टाकायचा आणि दिवसभर कामाचा मोबदला म्हणून द्यायचा. आमची शेवंती, देशी तांबूस कुत्री, निम्मं जेवण असंच कमावते.

पोळीवरून बरंच बोललं जातं. ‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य देऊ नका,’ असं हल्ली ठासून सांगितलं जातं. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यांमध्ये त्यांना चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणसाच्या शेतीच्या आसऱ्यानं राहता राहता कुत्रं धान्य पचवू लागलं. तेव्हा पोळीचा तुकडा हे पाप नव्हे. पण दूध-पोळी हेच पूर्ण जेवण मात्र नव्हे, कारण त्यात प्रथिनं अपुरी पडतात. प्रौढ कुत्र्याला दुधानं हगवण लागू शकते, त्यापेक्षा थोडं दही बरं. नुसत्या चिकन-भातावर वाढणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात. घरचंच द्यायचं असेल तर मापं पशुवैद्यकांकडून ठरवून घ्या.

आपल्या स्वयंपाकघरातली खरी अडचण फोडणीत आहे. कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानं किंवा वाळवल्यानं ते जात नाहीत आणि त्रास काही दिवसांनी दिसतो, म्हणून कारण लक्षातच येत नाही. कुत्र्याचं वरण फोडणीआधी बाजूला काढा. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, झायलिटॉल असलेलं शुगरफ्री च्युइंगगम, चिकनची शिजलेली हाडं, यांतलं काहीही नको. द्राक्ष-बेदाण्यांनी तर काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्या मात्रेतही निकामी होतात. आणि ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल स्वतःच्या मनानं कधीच देऊ नका.

फोटोसाठी ‘थांब’ लागतो हे उघडच आहे, पण फोटो कुठून काढायचा ते आधी. एलियट अरविट या छायाचित्रकाराचं १९४६ चं न्यूयॉर्कमधलं एक चित्र प्रसिद्ध आहे: बाईची फक्त पावलं, आणि शेजारी स्वेटर घातलेलं इवलंसं चिवावा. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर नेल्यामुळे त्या चित्रात कुत्रं मुख्य झालं आणि माणूस नुसता पायांपुरता उरला. आपण उभ्यानं काढलेल्या फोटोत कुत्र्याचं डोकं मोठं, पाय आखूड आणि पाठीमागे फरशी येते. खाली बसा, गरज पडली तर पालथे झोपा. लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आली की चेहरा उमलतो.

प्रकाश उघड्या दाराचा किंवा गॅलरीचा घ्यावा, पण कुत्र्याचं तोंड उजेडाकडे हवं. गॅलरीकडे पाठ करून बसवलं तर नुसती काळी सावली उमटते. काळं कुत्रं चौकटभर असेल तर फोन उजेड वाढवून केस राखाडी करतो, तेव्हा पडद्यावर बोटानं उजेड थोडा उतरवा. पांढऱ्याच्या बाबतीत उलट, थोडा चढवा. फ्लॅश नकोच. कुत्र्याच्या डोळ्यांमागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात. पळतानाचा फोटो हवा असेल तर कॅमेऱ्यात सेकंदाचा हजारावा भाग हा वेग ठेवा. खेळणं निळं किंवा पिवळं घ्या. कुत्र्याला हेच दोन रंग नीट दिसतात, हिरवळीवरचा लाल चेंडू त्याला रंगावरून सापडत नाही.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. फोन चेहऱ्यासमोर धरला की कुत्र्याला एक मोठा काळा डोळा रोखून बघताना दिसतो, आणि रोखून बघणं त्याच्या जगात धमकीचं असतं. ते मान वळवतं, ओठ चाटतं, जांभई देतं, कान मागे घेतं. अशा वेळी फोन खाली करून त्याला सोडावं. आपल्या फोनमधले जुने फोटो आज पुन्हा काढून बघा. मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून हसतंय, असा एक तरी सापडेल. त्यात मुलाकडे न बघता कुत्र्याकडे बघा. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसत असेल, तोंड घट्ट मिटलेलं असेल, तर ते त्या मिठीतून सुटू पाहत होतं. कुत्रं चावण्याआधी हे अनेकदा सांगून झालेलं असतं. कॅमेरा ते टिपतो, आपण ‘किती गोड’ म्हणून पुढे सरकतो.

सरावासाठी खांदेश्वर मंदिराजवळच्या तलावाचा परिसर चांगला आहे, पण उजाडताना जा. नंतर गर्दी होते, आणि उन्हाळ्यात डांबर तापतं. हाताची पाठ रस्त्यावर टेकवून ठेवता येत नसेल तर पंजेही ठेवता येत नाहीत. दमट हवेत धापा टाकूनही कुत्र्याचं अंग लवकर निवत नाही. पग, शित्झूसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर फारच जपायला हवं. वाटेत भटकी कुत्री भेटणारच. ती त्या जागेची जुनी रहिवासी आहेत, त्यांच्यासमोर आपल्या कुत्र्याला खाऊ दाखवू नका. अंतर राखून, वळसा घेऊन जा. त्यांना खायला घालत असाल तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे जिने, इमारतीचं प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, ठरलेल्या ठिकाणीच घाला.

या आठवड्याचा अभ्यास: रोज दोन्ही जेवणांना वाडगं, आणि दर बाहेर जाण्याला दार. लिफ्ट शनिवारनंतर. कुत्रं म्हातारं असेल, बसताना-उठताना कमरेत कळ येत असेल, तर त्याला बसवू नका. उभ्यानं थांबणंही पूर्ण ‘थांब’च आहे, आणि कमरेचं दुखणं पशुवैद्यकांना दाखवून घ्या. पुढच्या लेखांकात पावसाळा: गोचीड-ताप, साचलेल्या पाण्यातला लेप्टो आणि ओले पंजे.