माकडताप

माकडताप किंवा क्यासनूर वन रोग हा गोचिडीच्या दंशाने माणसाला होणारा विषाणुजन्य ताप आहे. तो प्रामुख्याने पश्चिम घाटाच्या वनप्रदेशात आढळतो. महाराष्ट्रात त्याचा उपद्रव सिंधुदुर्ग जिल्ह्यात झालेला आहे.

इतिहास

इ.स. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात अनेक माकडे मरून पडली आणि त्याच सुमारास परिसरातील लोक तापाने आजारी पडले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील (आताची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) संशोधकांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. अनेक दशके हा रोग मुख्यतः कर्नाटकापुरता मर्यादित होता. पुढे तो केरळ, इ.स. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुका व इ.स. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आढळला. त्यानंतर सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही रुग्ण सापडले.

प्रसार

या रोगाचा विषाणू फ्लॅव्हीव्हायरस गटातील असून हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड त्याची मुख्य वाहक आहे. लहान वन्य प्राणी व माकडे यांच्यात विषाणू फिरत राहतो. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास पसरतात; म्हणून मेलेले माकड ही धोक्याची पहिली सूचना मानली जाते. एका माणसापासून दुसऱ्या माणसाला हा रोग होत नाही. अप्रौढ अवस्थेतील गोचिडी हिवाळा व उन्हाळ्यात अधिक आढळतात. काजू वेचणे, सरपण व पालापाचोळा गोळा करणे ही कामेही त्याच काळात चालतात.

लक्षणे

दंशानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत एकाएकी तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी व उलट्या सुरू होतात. काही रुग्णांच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३ ते ५ टक्के आहे. विषाणूवर खास औषध उपलब्ध नाही. शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे व विश्रांती यांवर उपचारांचा भर असतो. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके टाळली जातात.

तापानंतरचा काळ

ताप उतरला म्हणजे रोगी बरा झाला, असे या आजारात लगेच म्हणता येत नाही. सुमारे १० ते २० टक्के रुग्णांना एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा ताप येतो. या दुसऱ्या टप्प्यात मान आखडणे, हातापायांना कंप, दृष्टिदोष, मानसिक गोंधळ अशी मज्जासंस्थेची लक्षणे दिसू शकतात. रोगी कामावर परतू लागलेला असतानाच ही लक्षणे उद्भवत असल्याने घरच्यांनी ती ओळखणे व रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे महत्त्वाचे ठरते.

दुसरा टप्पा न आलेल्या रुग्णांनाही पूर्ववत होण्यास अनेक आठवडे लागू शकतात. अशक्तपणा व स्नायूंचे दुखणे रेंगाळते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचा हा थकवा आळस समजला जाण्याची शक्यता असते. काजूचा हंगाम मोजक्या महिन्यांचा असल्याने आजारी मजुराची त्या वर्षाची कमाई बुडते आणि पुरेशी विश्रांती न घेताच कामावर जाण्याचा मोह होतो. त्यामुळे बरे होण्याचा काळ हाही आजाराचाच भाग मानून त्याचे नियोजन करावे लागते.

प्रतिबंध

जंगलात जाताना अंगभर कपडे घालणे, उघड्या त्वचेवर गोचीड-प्रतिबंधक तेल लावणे आणि परतल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करणे हे मुख्य उपाय आहेत. मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य किंवा वन विभागास कळवावे. पूर्वी दिली जाणारी लस परिणामकारकता कमी ठरल्याने इ.स. २०२२ पासून बंद करण्यात आली.

गैरसमज

गोचीड चावली म्हणजे माकडताप झाला असे नव्हे. खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत गुराढोरांच्या अंगावर गोचिडी नेहमी आढळतात. परंतु माकडतापाचे ज्ञात क्षेत्र पश्चिम घाटाच्या जंगलांशी निगडित आहे. तथापि खानदेशातून कोकण, गोवा वा कर्नाटकातील जंगलभागात जाऊन आलेल्या व्यक्तीस ताप आल्यास तिने तो प्रवास डॉक्टरांना आवर्जून सांगावा.