विश्लेषण : ट्रकचालक दारू प्यायलेला असेल, तर भरपाई कोण देणार?

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याजवळ वाघोलीत, केसनंद फाट्यावर, पदपथावर झोपलेल्या मजुरांना रात्री एका डंपरने चिरडले. तिघांचा मृत्यू झाला. त्यांत दोन लहान मुले होती. सहा जण जखमी झाले. ही सारी माणसे अमरावतीहून कामासाठी आली होती. चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचे पोलिसांनी सांगितले. अशा घटनेनंतर चर्चा रंगते ती चालकाला किती वर्षांची शिक्षा होणार याची. ज्या घरातला कमावता माणूस गेला किंवा पाय गमावून परतला, त्या घरापुढचा प्रश्न मात्र वेगळा असतो. उपचाराचा आणि पुढच्या आयुष्याचा खर्च कोण देणार? इथेच त्यांना ऐकवले जाते, की चालक प्यायलेला होता, म्हणजे विमा लागू होत नाही. मालक देतोय तेवढे घ्या आणि मिटवा. बहुतेक प्रकरणांत हे चुकीचे असते.

चालक प्यायलेला असल्याने विमा बुडतो का?

वाहनाच्या विम्याचे दोन भाग असतात. एक वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा, दुसरा त्रयस्थ व्यक्तीचा, म्हणजे ‘थर्ड पार्टी’चा. चालक नशेत असेल तर पहिल्या भागाचे पैसे कंपनी नाकारू शकते. दिल्लीतील एका महागड्या मोटारीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कंपनीचा हा अधिकार मान्य केला. त्यामुळे ट्रक दुरुस्त करण्याचा खर्च मालकाच्या अंगावर पडू शकतो. पण रस्त्यावरच्या माणसाचा या कराराशी संबंध नसतो. त्याच्यासाठीच तर मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे.

कंपन्या बोट दाखवतात ते २०१९च्या दुरुस्तीकडे. या दुरुस्तीनंतरच्या कलम १५० मध्ये कंपनीला जे बचाव मांडता येतात, त्यांत चालकाने मद्यपान केले असल्याचा मुद्दाही आला आहे. हा बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. तो सिद्ध झाला तरी पीडित रिकाम्या हाताने परततो असे नाही. चालकाकडे वैध परवाना नसल्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एक वाट घालून दिली : कंपनीने आधी पीडिताला रक्कम द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मद्यपी चालकाच्या अपघातातही हेच सूत्र लावले. तो अपघात दुरुस्तीपूर्वीचा होता, त्यामुळे नव्या कलमाच्या आधारे कंपन्यांचे वकील यापुढेही वाद घालतील. पण ‘विमा नाही’ हे वाक्य न्यायाधिकरणाने म्हणायचे असते, रुग्णालयाच्या आवारात भेटायला आलेल्या मध्यस्थाने नव्हे.

मालकाची जबाबदारी कुठवर?

कामावर असलेल्या चालकाच्या निष्काळजीपणाची नागरी जबाबदारी मालकावर येते. ‘मी गाडीत नव्हतो’ किंवा ‘पिऊन चालवू नको असे बजावले होते’ यातून ती सुटत नाही. मालक म्हणजे आरसीवर ज्याचे नाव आहे तो. ट्रक विकला पण नाव बदलले नाही, तर जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तोंडी व्यवहारात डंपर आणि ट्रक फिरत राहतात अशा धंद्यात हे महत्त्वाचे आहे. मद्यपान करून वाहन चालवण्यास चिथावणी देणाऱ्यालाही कलम १८८ नुसार शिक्षा होऊ शकते, पण हे कलम मालकांवर लावले जाताना क्वचितच दिसते. कामाच्या तासांचेही तेच. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ पासून २०२५ पर्यंत होता आणि तो दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत होता. सलग दोन रात्री ट्रक हाकणाऱ्याला ही मर्यादा कोणी सांगितलेली नसते.

चालकावर कोणते गुन्हे?

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल, तर कलम १८५ लागू होते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१) येते. निष्काळजीपणाने मृत्यूला कारण ठरल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या कलम ३०४अ मध्ये हीच कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. आपल्या कृत्याने जीव जाऊ शकतो याची जाणीव चालकाला होती असे सरकारी पक्षाने दाखवले, तर कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध लागतो आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते.

वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये मोटारीखाली पदपथावरचे सात मजूर मरण पावले. कनिष्ठ न्यायालयाने चालकाला निष्काळजीपणासाठी सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ती तीन वर्षांची केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मद्यपी चालकांच्या खटल्यांत आजही हा निकाल पुढे केला जातो. अपघाताची खबर न देता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम १०६(२) मात्र कागदावरच आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केल्यावर केंद्राने त्याची अंमलबजावणी थांबवली.

पहिल्या काही तासांना एवढे महत्त्व का?

कारण पुरावा शब्दशः विरत असतो. शरीरातले अल्कोहोल साधारणपणे ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास कमी होते. रात्री एक वाजता ज्याच्या रक्तात १०० मिलिग्रॅम होते, त्याचा नमुना सकाळी सातला घेतला तर आकडा मर्यादेच्या खाली आलेला असू शकतो. म्हणूनच कलम १८५ खाली अटक झालेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, नाही तर त्याला सोडावे लागते, अशी तरतूद आहे. नमुना घेतला म्हणजे प्रश्न संपला असेही नाही. कल्याणीनगरच्या २०२४च्या प्रकरणात नमुना बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांनाच अटक झाली होती.

नमुना हुकला किंवा खटल्यात चालक सुटला, तरी भरपाईचा दावा संपत नाही. फौजदारी न्यायालयाला गुन्हा निःसंशय सिद्ध झालेला हवा असतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण कोणती बाजू अधिक संभाव्य वाटते एवढेच पाहते. तिथे चालकाचा निष्काळजीपणा दाखवायचा असतो, त्याच्या पोटातली दारू नव्हे. उलट, दारूचा मुद्दा उगाळण्यात कंपनीचाच फायदा असतो.

भरपाईचा आकडा कसा निघतो?

तो अंदाजपंचे ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७च्या निकालांनी सूत्र बांधून दिले आहे. समजा, ३० वर्षांचा गवंडी महिन्याला १५ हजार कमावत होता आणि मागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. स्वतःचे काम करणारा आणि चाळिशीच्या आतला असल्याने भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे : २१ हजार. चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा : १५,७५०. वर्षाचे झाले १ लाख ८९ हजार. या वयाचा गुणक १७. म्हणजे ३२ लाख १३ हजार रुपये. अंत्यविधी, सहवास गमावणे वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या. मध्यस्थ दोन-तीन लाखांत ‘मिटवा’ म्हणतो तेव्हा तो कशाच्या बदल्यात ते म्हणतोय, हे या हिशेबावरून कळेल.

पगाराची पावती नसेल तर? बहुतेक मजुरांकडे नसतेच. मग न्यायाधिकरण बऱ्याचदा किमान वेतनाचा आधार घेते. ठेकेदाराची साक्ष, बँक खात्यात आलेले पैसे, ई-श्रम नोंदणी असे काहीही हाती असले तर उपयोगी पडते.

जखमींचे काय?

अवजड वाहनाखाली येणाऱ्याला अनेकदा मृत्यू चुकतो, पण कंबरेचे हाड चुरते, पायाची कातडी सोलून निघते, पाय कापावा लागतो, डोक्याला मार लागून स्मृती अधू होते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के लिहिले, म्हणजे कमाईही ४० टक्केच घटली असे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेला दाखला नेमका आहे : हात गमावलेला चालक किंवा सुतार जवळजवळ सगळी कमाई गमावतो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून दाव्यात टक्केवारीइतकाच कामाचा तपशील मांडावा लागतो. पुढच्या शस्त्रक्रिया, कृत्रिम पाय, सोबतीला लागणारा माणूस, प्रवास हे सगळे मागता येते. त्यासाठी औषधाच्या चिठ्ठीपासून रिक्षाच्या खर्चापर्यंत नोंद हवी, आणि ती पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते.

तातडीच्या उपचारासाठी केंद्राने मे २०२५ मध्ये विनारोख योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार निर्देशित रुग्णालयांत होतात. चूक कोणाची, हा प्रश्न इथे येत नाही.

दावा कुठे आणि कधीपर्यंत?

अपघात पुण्यात झाला म्हणून पुण्यातच खेटे घालायला हवेत असे नाही. दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. अमरावतीचा मजूर अमरावतीत करू शकतो. मुदत सहा महिन्यांची. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कामगारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एक सापळा ओळखून ठेवावा. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मिळतात. विमा कंपनीच्या तडजोडीतून ही रक्कम स्वीकारली, तर मोठ्या भरपाईचा दावा संपुष्टात येतो. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने घाईने सही केली, तर २७ लाखांवर पाणी सोडल्यासारखे होईल. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर मात्र मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार, एवढेच. त्यासाठी अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात.

ट्रकमध्ये बसलेले आणि स्वतः चालक?

मालवाहू वाहनात लिफ्ट घेऊन बसलेल्या प्रवाशाला विम्याचे संरक्षण नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितले. त्याची मागणी मुख्यतः मालकाकडे राहते. मालासोबत असलेला मालाचा मालक मात्र संरक्षित असतो. कामावर असलेल्या हमालासाठी कर्मचारी भरपाईच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत विमा असतो.

चालकाच्या कुटुंबाबाबत मोठा गैरसमज आहे. कर्मचारी भरपाईच्या नियमानुसार, दारूमुळे झालेल्या अपघातात कर्मचारी जखमी झाला तर मालक भरपाई नाकारू शकतो. मृत्यू आणि कायमचे पूर्ण अपंगत्व मात्र त्या अपवादातून वगळले आहे. त्यामुळे कामावर असताना मरण पावलेल्या चालकाच्या विधवेचा दावा तो प्यायलेला होता एवढ्याच कारणाने फेटाळता येत नाही.