चिखलात ठरणारं नाव

सिंधुदुर्गातले गोठे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एकेक करून रिकामे झाले. बैलजोडी वर्षभर पोसायची आणि जोत धरायचं ते मृगापासून लावणी आटपेपर्यंत, हा हिशेब तरणी माणसं मुंबई-गोव्याला गेल्यावर जुळेना. मसुरे, पोईप, कट्टा, आचरे या पट्ट्यात जोताची जागा आधी पॉवर टिलरने घेतली. आता पंधरा ते अठ्ठावीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर ती जागा मागतो आहे. दिवाळीला भात घरात आलेलं असतं, चाकरमानी गावी असतात आणि खळ्यात विषय निघतो, "ट्रॅक्टर खंयचो घेवया?"

सल्ला मिळतो तो नावांचा. अमक्याचं इंजिन दणकट, तमक्याला डिझेल कमी लागतं. पण ही नावं कमावली गेली कुठे, हे कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात छोट्या ट्रॅक्टरचा बोलबाला झाला तो नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत. दोन ओळींमधून जाईल एवढी रुंदी आणि मागच्या पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टवर, फवारणीचा ब्लोअर चालेल एवढी ताकद, इतकंच तिथे बघितलं जाई. गुजरातेत राजकोटच्या कॅप्टन कंपनीने लहान ट्रॅक्टरचं नाव केलं ते कापूस-भुईमुगाच्या आंतरमशागतीवर. महिंद्रचा युवराज 215 हा पंधरा हॉर्सपॉवरचा, एका सिलिंडरचा ट्रॅक्टरही कोरडवाहू ओळींत आणि उसाच्या सऱ्यांत लोकप्रिय झाला. ही कीर्ती खरी आहे, कष्टाने मिळवलेली आहे. मात्र ती कोरड्या, सपाट जमिनीवरची आहे.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मळा म्हणजे मेरांनी अडवलेले कुणगे, एकेक दोन-चार गुंठ्यांचा, एक वर तर दुसरा दोन हात खाली. तिथवर पोहोचायला धड रस्ता नसतो, पाणंदीतून किंवा दुसऱ्याच्या शेतातून जावं लागतं. देशावरचा पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन टनांच्या घरात जातो. तो कुणग्यात उतरला की मेर फोडतोच, शिवाय चिखलाखालचा घट्ट थर मोडतो. पाणी धरून ठेवतो तो हाच थर. तो एकदा मोडला की पुढच्या पावसात त्याच जागी चाक रुततं आणि भाताला पाणी टिकत नाही. म्हणून इथे यंत्र हलकं असणं ही पहिली अट ठरते.

पॉवर टिलरची गोष्ट या बाबतीत वेगळी आहे. बंगळूरची व्ही.एस.टी. ही कंपनी 1967 साली जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने उभी राहिली आणि केरळ सरकारची कॅमको 1973 साली अथाणीला सुरू झाली. दोघींचाही टिलर भातशेतीच्या ओल्या जमिनीत घडला. केरळ आणि कोकण यांची माती, पाऊस, उतार यांत साम्य इतकं, की तिथे टिकलेलं यंत्र इथेही टिकावं यात नवल नाही. टिलरची खरी अडचण माणसाची आहे. बारा-तेरा हॉर्सपॉवरचं थरथरतं यंत्र दोन्ही हातांनी आवळून चिखलात मागून चालायचं आणि कुणग्याच्या कोपऱ्यात ते अंगाने वळवायचं. गावात शेती करायला उरलेत ते साठीच्या पुढचे बाप्ये आणि बायका. बसून चालवायचं यंत्र त्यांना हवंसं वाटतं, यात ऐषआराम नाही, ती गरज आहे.

म्हणून छोट्या ट्रॅक्टरकडे ओढा आहे, आणि इथेच नावांचा घोळ सुरू होतो. बाजारात पाट्या पुष्कळ, घरं थोडी. स्वराज 2007 पासून महिंद्रच्या घरात आहे. युवराज 215 आणि स्वराज 717 दोन्ही पंधरा हॉर्सपॉवरचे, एका सिलिंडरचे. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय 2005 साली मॅसी बनवणाऱ्या टाफेने घेतला, त्यामुळे मॅसी आणि आयशर एकाच मालकाचे. सोनालिका आणि सॉलिस दोन्ही होशियारपूरच्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर्सचे. कुबोटाने 2022 साली एस्कॉर्ट्स ताब्यात घेतली, तेव्हा एस्कॉर्ट्सचे फार्मट्रॅक, पॉवरट्रॅक आणि कुबोटा शेजारी येऊन बसले. भावाभावांत लाल भारी की निळा भारी यावरून वाद रंगतात, तेव्हा कधीकधी दोन्ही रंगांमागे कंपनी एकच असते. रंगापेक्षा मॉडेलचा क्रमांक विचारावा, हे मी आग्रहाने सांगेन.

जपानी घराण्याच्या यंत्रांबद्दल इथे आदर आहे आणि तो अनाठायी नाही. जपानातली भाताची खाचरंही लहानच. कुबोटाचा निओस्टार बी 2441 तीन सिलिंडरचा, चोवीस हॉर्सपॉवरचा आणि चारही चाकांना जोर असलेला आहे. महिंद्रने जिवो आणला, मग 2023 च्या स्वातंत्र्यदिनी जपानी भागीदारासोबत विकसित केलेला ओजा जाहीर केला, तेही याच वाटेने. चिखलात पुढची चाकं नुसती ढकलली जातात की स्वतः ओढतात, यावर सगळं अवलंबून असतं. दोनचाकी जोराचा ट्रॅक्टर रुतला की मागची चाकं जागच्या जागी खड्डा खणत बसतात.

पण यंत्र मरतं ते इंजिनामुळे क्वचितच. मरतं ते सीलमुळे. चिखलणी करताना गवत, भाताची चुडं, कधी कुंपणाची तार रोटरच्या शाफ्टभोवती गुंडाळली जाते. ती फिरत फिरत रबरी ऑइल सीलच्या ओठाला कापते. सील फाटलं की तेल बाहेर येतं आणि बारीक गाळ, पाणी आत शिरतं. गिअरचं तेल काढून बघावं तर ते दुधासारखं पांढरट झालेलं असतं. तेवढ्यावर सावध झालं तर सील, तेल आणि फिटरची मजुरी एवढ्यात भागतं. दुर्लक्ष केलं तर बेअरिंग जातं, मग गिअर. खाजणातल्या शेतात काम केलं असेल तर मिठाचा मारा वेगळाच. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतलं नाही तर नटबोल्ट पुढच्या मृगाला पान्याला दाद देत नाहीत. ही जपणूक कुठल्याच नावाच्या यंत्राच्या मालकाला चुकलेली नाही.

म्हणूनच किनाऱ्यावर यंत्राची पत ठरते ती एका प्रश्नाने, "पार्ट खंय गावतत?" लावणीचा हंगाम तीनेक आठवड्यांचा. तरवा वाढत असतो, माणसं सांगून ठेवलेली असतात. त्यात सीलसाठी चार दिवस थांबावं लागलं तर त्या यंत्राची सगळी कीर्ती वाहून जाते. उलट मध्यम दर्जाचं यंत्र, ज्याचा फिटर गावात आहे आणि सुटे भाग कुडाळ-कणकवलीला दुपारपर्यंत मिळतात, ते वर्षानुवर्षं चालतं आणि जुन्या बाजारात भाव धरून राहतं. गावातल्या जुन्या यंत्राला मिळणारी किंमत बघा. जाहिरातीपेक्षा ती जास्त बोलते.

लोकप्रियतेला दुसरंही एक कारण आहे, अनुदान. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, निवड झाली की ठरलेल्या मर्यादेत रक्कम मिळते. पण कोकणातल्या सातबाऱ्यावर नावं पंधरा-वीस. निम्मी मुंबईला, काही वारलेली आणि वारस न लागलेली. संमती गोळा करता करता हंगाम निघून जातो. ज्याचे कागद सरळ त्याला यंत्र मिळतं, आणि तेही बहुतेकदा विक्रेत्याकडे तयार असलेलंच. अशा रीतीने एखादं मॉडेल गावभर दिसू लागतं. ते सगळ्यांत चांगलं म्हणून दिसतं, असं समजू नये.

दर्जा तपासण्याचं साधन मात्र आपल्या हातात आहे. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओवर प्रत्यक्ष मिळणारी ताकद, लिफ्टची क्षमता, डिझेलचा खप सगळं नोंदलेलं असतं. इंजिनावर पंधरा लिहिलेलं असलं तरी रोटरपर्यंत त्याहून कमी ताकद पोहोचते, आणि रोटर निवडायचा तो पीटीओच्या या आकड्यावर. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा भावही नव्याने मागावा.

माझं मत विचाराल तर नुसत्या आंबा-काजूच्या बागेत फवारणी आणि वाहतुकीला पंधरा हॉर्सपॉवरचा दोनचाकी जोराचा ट्रॅक्टर पुरतो. खोल चिखलाच्या लहान कुणग्यांना आजही चांगला टिलरच. आणि वाडीतल्या आठ-दहा घरांनी मिळून घ्यायचा असेल, तर चोवीसच्या आसपासचा, चारही चाकांना जोर असलेलाच घ्यावा. एकट्याला तो परवडत नाही आणि एकट्याच्या जमिनीला एवढं कामही नसतं.

कंपन्यांना, कृषी विभागाला, किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्राला आणि दापोलीच्या विद्यापीठाला एक कळकळीची विनंती आहे. प्रात्यक्षिकं हिवाळ्यातल्या प्रदर्शनाच्या कोरड्या मैदानावर करू नका. जूनमध्ये, भर पावसात, मसुऱ्याच्या किंवा पोईपच्या मळ्यात पाच नावांची यंत्रं एकाच दिवशी उतरवा, संध्याकाळी गिअरचं तेल सगळ्यांसमोर काढून दाखवा, आणि मृगाच्या आधी सीलचे सेट मालवणच्या दुकानात आणून ठेवा.